१६ तास उपाशी राहिलं की पेशींची साफसफाई होते आणि या शोधाला नोबेल मिळालंय, हे खरं आहे का?

नोबेल मिळालं हे खरं. १६ तास मात्र त्यात कुठेच नाहीत.

योशिनोरी ओसुमींना २०१६ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते यीस्टवरच्या कामासाठी. हो, पाव फुगवायला घालतात तेच यीस्ट. मीही यीस्टवरच काम करते, त्यामुळे घरच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला की दरवेळी मलाच टॅग करतात.

पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून वापरते हे १९६० च्या दशकातच माहीत होतं. ‘ऑटोफॅजी’ हे नाव १९६३ मध्ये ख्रिश्चन द दुव्ह यांनी ठेवलं. पण हे काम कोणती जनुकं करतात ते कळायला मार्ग नव्हता.

ओसुमींनी १९८८ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, टोकियो विद्यापीठात स्वतःची लॅब सुरू केली. यीस्टमध्ये हे पचवण्याचं काम व्हॅक्युओल करतं, शाळेत आपण जिला रिक्तिका म्हणायचो ती. अडचण अशी की आत गेलेला माल इतक्या झटपट पचतो की दिसतच नाही. म्हणून त्यांनी पचवणारी एन्झाइमंच नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत व्हॅक्युओल न पचलेल्या मालाच्या बारीक गोळ्यांनी भरून गेलं! साध्या लाइट मायक्रोस्कोपखालीही हे दिसतं. गोळे एका जागी राहत नाहीत, आधणात वैरलेले तांदूळ नाचावेत तसे सारखे हलत असतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोंदी करायच्या सोडून नुसती बघत बसले होते.

पुढे त्यांनी हजारो म्युटंट, म्हणजे जनुकांत बदल झालेले यीस्ट, उपाशी ठेवले आणि ज्यांच्यात गोळे बनतच नाहीत असे निवडून काढले. त्यातून आलेली १५ जनुकं १९९३ च्या पेपरात आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची भावंडं आपल्या पेशींतही सापडली. या सगळ्यांवर टॉर नावाचा मुकादम (एक प्रथिन) असतो. अन्न भरपूर असलं की तो ऑटोफॅजी दाबून ठेवतो, टंचाई आली की हात सैल सोडतो.

आता गंमत बघा. लॅबमध्ये आम्ही यीस्टला ‘उपाशी’ ठेवतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त नायट्रोजन काढून घेतो. ग्लुकोज असतंच, चांगलं २ टक्के. म्हणजे साबुदाण्याची खिचडी चापून केलेली एकादशीच ती.

उपासाने उंदरांत ऑटोफॅजी वाढते, हे दिसलंय. माणसात मोजणं अवघड आहे. चौकात दहा घंटागाड्या उभ्या दिसल्या, तर कचरा जास्त उचलला जातोय की डेपोचं फाटकच बंद आहे? पेशीतले गोळे मोजताना हाच घोळ होतो. लॅबमध्ये आम्ही बॅफिलोमायसिन नावाचं रसायन घालून फाटक मुद्दाम बंद करतो, म्हणजे पचनच थांबवतो, आणि आधीचा-नंतरचा फरक बघतो. जिवंत माणसाला ते कसं देणार? त्यामुळे ‘बाराव्या तासाला सुरू, सोळाव्याला जोरात’ असं वेळापत्रक कुणी दिलं, तर कशात मोजलं आणि कसं मोजलं, एवढं विचारा.

उपास जमत असेल तर जरूर करा, माझी ना नाही. फक्त मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. साखर एकदम खाली गेली तर भलतंच होऊन बसेल.