एक लाइन, तीन जागा

प्रश्न : तासगावात आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. पेढीवर ५० एमबीपीएसची फायबर लाइन आहे, अपलोडही तेवढंच. तिथून वायरलेसने कोल्ड स्टोरेज आणि निवडणीच्या शेडला नेट दिलंय. स्टोरेजवरचे १२ कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्ड होतात. सौद्याच्या दिवशी पेढीवर ई-वे बिलाचं पान उघडत नाही. राउटर मायक्रोटिकचा आहे. तिघांना सारखं वाटून टाकू का? – एक वाचक

उत्तर : सारखं वाटू नका. प्रत्येकाला १६ वर बांधलंत, तर शेड बंद असताना तिचे १६ वाया जाणार. पैसे तर तुम्ही पुऱ्या ५० चे भरताय.

तुमचं दुखणं अपलोडमध्ये दिसतंय. १०८०पी कॅमेरा ४ मेगाबिटवर लावलेला असेल, तर १२ कॅमेऱ्यांचे ४८ झाले. वर जाणारी वाट स्टोरेजनेच भरली. मग डाउनलोडही अडतं, कारण आलेल्या माहितीची पोच उलट पाठवावी लागते आणि ती पोच कॅमेऱ्यांमागे रांगेत उभी राहते. म्हणून आधी कॅमेरे एच.२६५ वर (व्हिडिओ जास्त दाबून लहान करणारी पद्धत) नेऊन प्रत्येकी २ मेगाबिटवर आणा. राखणीसाठी तेवढं चित्र बहुतेक ठिकाणी पुरतं.

आता राउटर. एक मुख्य क्यू (वेग ठरवून देणारी रांग) करा आणि तिची कमाल मर्यादा ५० नाही, ४५ ठेवा. विकत घेतलेले ५ सोडणं जिवावर येतं, पण सोडाच. रांग तुमच्या राउटरवर लागली तरच कोणाला आधी सोडायचं हे तुम्ही ठरवू शकता. पुढे कंपनीच्या यंत्रात लागली तर तुमचे नियम तिथे चालत नाहीत.

तिच्याखाली तीन क्यू. 'लिमिट-ॲट' म्हणजे हक्काचा वेग, 'मॅक्स-लिमिट' म्हणजे इतर रिकामे असताना जास्तीत जास्त मिळेल तो. अपलोडला हक्काचे पेढी १५, स्टोरेज २५, शेड ५. बेरीज ४५ च्या वर नको. कमाल मर्यादा पेढी आणि शेडला ४५, स्टोरेजला मात्र ३०. डाउनलोडचे आकडे वेगळे लावा, तिथे पेढीला झुकतं माप द्या. राउटरची प्रणाली राउटरओएस ७ असेल तर क्यूचा प्रकार एफक्यू-कोडेल (प्रत्येकाला आळीपाळीने सोडणारा) निवडा. मग एकच मोठी फाइल सगळ्यांना अडवून धरत नाही.

आकडे टाकूनही फरक पडला नाही तर फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा (माहिती झटपट पुढे सोडणारा) नियम बघा. त्यातून जाणारा ट्रॅफिक सिंपल क्यूला, म्हणजे वर केलेल्या या रांगांना, वळसा घालून जातो. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. तो नियम बंद करा. त्याने राउटरच्या प्रोसेसरवर ताण वाढतो, पण ५० एमबीपीएसला सहसा अडचण येत नाही.

शेवटी, कॅमेरे चालू असतानाच पेढीवरून ८.८.८.८ ला (गुगलचा सर्व्हर) पिंग लावा, म्हणजे उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघा, आणि मोठी फाइल अपलोड करा. पिंग तेव्हाही शेकड्यात गेला, तर ४५ चे ४२ करून पुन्हा बघा.