काळी, पांढरी आणि बेचिराग

प्रश्न आला आहे तो असा: 'जुन्या ग्रामीण लेखनात काळी-पांढरी ही जोडी सारखी भेटते. काळी म्हणजे जमीन हे कळतं. पांढरी म्हणजे काय? कापूस का?'

कापूस नव्हे. पांढरी म्हणजे गाव. घरं, देऊळ, चावडी जिथे उभी असतात ती गावठाणाची जागा. तिच्याभोवतीची पिकाऊ जमीन ती काळी. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) गावाचे हे दोन भाग याच नावांनी येतात. काळी पिकते आणि पांढरी राहते, अशी ही विभागणी. बोलण्यात तर पांढरी म्हणजे जागेऐवजी माणसंच. 'पांढरीला मान्य नाही' याचा अर्थ गावकऱ्यांना मान्य नाही.

आता पांढरीच का? इथे रंगाचा अलंकार वगैरे काही नाही, माती खरोखरच पांढुरकी असते. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती राहिली की मातीच्या भिंती ढासळतात, त्यांच्यावर नव्या उभ्या राहतात. चुलीतली राख, शेण, हाडं, चुना असं सगळं तिथेच मुरतं. काळ्या रानाच्या मध्ये राखाडी-पांढरा उंचवटा तयार होतो. ही माती खत म्हणून शेतात टाकतात आणि भिंतींनाही वापरतात. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिची भिंत टिकत नाही. देशावरच्या जुन्या गढ्या पांढऱ्या मातीच्या आहेत त्या यामुळेच. थोडक्यात, काळी निसर्गाने दिलेली आणि पांढरी माणसांनी राहून राहून केलेली. (पंढरपूरचा संबंध कृपया इथे जोडू नका. त्या गावाचं शिलालेखातलं जुनं रूप 'पंडरगे' आहे.)

म्हणून ही जोडी वाचली की लेखक घाटावरचा आहे असं खुशाल समजावं. कोकणातली माती तांबडी, खाली जांभा, आणि घरंही एका ठिकाणी दाटीने नसून आगरांमधून विखुरलेली. तिथे गाव आणि शेत यांच्यात रंगाची सीमा पडणार कशी? श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' (१९५२) किंवा गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) वाचताना डोळ्यांपुढे येते ती आगरं, पाणंदी, वाड्यांची दुनिया. यातली 'वाडी'सुद्धा फसवी. शब्द संस्कृत 'वाटिके'वरून आलेला, म्हणजे मुळात कुंपण घातलेली बाग. कोकणाने तो अर्थ सोडला नाही, नारळी-पोफळीची ती वाडीच. देशावर मात्र वाडी म्हणजे मूळ गावापासून सुटलेली छोटी वस्ती, मग तिथे झाडाचं पान का दिसेना. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तली (१९५५) वाडी या दुसऱ्या जातीची: माणदेशचा उघडा माळ आणि त्यावर धनगरांची काही घरं. वाडी म्हणताच नारळ डोळ्यांपुढे येणाऱ्या वाचकाने तिथे जरा सांभाळून शिरावं.

माझ्या मते सुरुवातीच्या प्रादेशिक लेखकांचं खरं बळ या शब्दांत आहे. निसर्गवर्णनाचे परिच्छेद त्यांच्या आधीही भरपूर लिहिले जात होते, बहुतेक लांबून पाहिलेले. र. वा. दिघ्यांनी तर कादंबरीचं नावच 'पाणकळा' ठेवलं. पाणकळा म्हणजे पावसाळा. पण 'पावसाळा' हा पाहणाऱ्याचाही शब्द असू शकतो, 'पाणकळा' कसणाऱ्याचाच. गंमत म्हणजे दोन्हींत 'काळ' आहे. पावसाळा, उन्हाळा, हिवाळा यांतला 'क' प्राकृतातून येताना झिजून गेला, तो पाणकळ्यात अजून शाबूत आहे.

काळी-पांढरीच्या जोडीने आणखी एक शब्द लक्षात ठेवावा: बेचिराग. हा महसुली दप्तरातला. ज्या मौजाची काळी आहे पण पांढरी उठून गेली, त्याच्यापुढे 'बेचिराग' अशी नोंद होई. फारसीत चिराग म्हणजे दिवा. जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव. पुढे लोकांना त्यात 'राख' ऐकू आली आणि 'बेचिराख' झालं. अर्थही जळून खाक होण्याकडे सरकला. मूळ शब्दात आग कुठेच नाही, फक्त अंधार आहे.

'बनगरवाडी'ही शेवटी दुष्काळाने ओस पडते. अशा उठलेल्या गावांच्या पांढरीची पुढे टेकाडं होतात, आणि दख्खनमध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक ती हेरूनच खणतात. घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात असंच उत्खनन केलं. तिथली वस्ती इ. स. पू. ७०० च्या सुमारास उठली. पाऊस कमी होत गेला आणि लोक शेती सोडून मेंढरांमागे फिरू लागले असावेत, असा खणणाऱ्यांचा कयास आहे.