दारफळणीच्या सणाआधी

बाळा, यंदा पहिल्यांदा योम किप्पूरचा, आपल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, पूर्ण उपास धरणार म्हणालास, ऐकून फार बरं वाटलं. आपले कोकणातले जुने बेने इस्रायली ज्यू ह्याला दारफळणीचा, म्हणजे दार लावून घेण्याचा, सण म्हणायचे. पण दार लावून बसण्याआधी काही दारं आपण स्वतः जाऊन वाजवायची असतात.

उपासाची काळजी करू नकोस. सुमारे 25 तास अन्नपाण्याविना निघतात. दोन दिवस आधीपासून चहा कमी कर. काही आजार असेल तर डॉक्टरांना विचार. जीव जपणं उपासाहून मोठं आहे.

खरी तयारी त्याआधीच्या एलूल महिन्यात. पहाटेच्या सलीहोतला, क्षमायाचनेच्या प्रार्थनांना, रोज नाही जमलं तरी आठवड्यातून दोनदा ये. हिब्रू अडखळली तर अडखळू दे, अर्थ मात्र आदल्या रात्री मराठीतून वाचून ये.

आणि माफी. मिश्नात, आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, स्पष्ट आहे: देवाविरुद्धचा अपराध योम किप्पूर धुतो, माणसाविरुद्धचा नाही, त्याची समजूत घालेपर्यंत. भावाशी बोलणं तुटलंय ना? त्याला भेट. मेसेज नको. ‘काही चुकलं असेल तर’ असंही नको, काय बोललास ते सांगून माफी माग. पहिल्यांदा नाही ऐकलं तर पुन्हा जा, तीनदा जावं असं रब्बी, आपले धर्मगुरू, सांगतात. मला अजूनही उपासापेक्षा हेच जड जातं.

पूर्वीचे भक्त प्रार्थनेआधी तासभर शांत बसत. तू कोल निद्रेला, उपास सुरू होतानाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला, निदान पंधरा मिनिटं आधी ये, फोन घरी ठेवून. माझ्याशेजारी जागा धरून ठेवतो.