इंजिन दुसऱ्याचं, गाडी आपली

प्रश्न : लोटस, मॉर्गन असल्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपन्या स्वतःची इंजिनं बनवत नव्हत्या म्हणे, मग आणायच्या कुठून? – एक वाचक, देवगड

उत्तर : भाऊ, तुमच्या बंदरातच बघा ना, होडी आपल्याकडचा सुतार बांधतो पण आत धडधडतं ते मोठ्या कंपनीचं डिझेल इंजिन, तसंच हे. नवं इंजिन उभं करायचं तर डिझाइन, ओतकाम, टेस्टिंग असा अफाट खर्च, आणि वर्षाला काहीशे गाड्या विकणाऱ्याला तो कसा झेपणार?

मला सगळ्यात आवडते ती ब्रिटनच्या रोव्हर कंपनीच्या व्ही-८ ची (V आकारात आठ सिलिंडर असलेल्या इंजिनाची) गोष्ट. मुळात हे अमेरिकेतल्या ब्यूकचं अल्युमिनियमचं इंजिन, तिकडे बंद पडल्यावर रोव्हरने हक्क घेतले, आणि वजनाला हलकं म्हणून 1968 मध्ये मॉर्गनने ते आपल्या प्लस ८ गाडीत बसवलं, पुढे टीव्हीआर या दुसऱ्या छोट्या ब्रिटिश कंपनीनेही तेच वापरलं. म्हणजे एकाने टाकलेलं इंजिन दुसऱ्याकडे किती वर्षं पळालं बघा!

एसी या ब्रिटिश मोटार कंपनीचं उलट झालं. त्यांना ब्रिस्टल कंपनीचं इंजिन मिळायचं बंद झालं, तेव्हा अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने एसीच्या गाडीत फोर्डचा व्ही-८ बसवून 1962 मध्ये कोब्रा बनवली. लोटसने आपल्या एलान गाडीसाठी फोर्डचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, घेऊन वर स्वतःचं ट्विन कॅम हेड (झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट असलेला वरचा भाग) चढवलं, आणि ही खरी कारागिरी असं माझं ठाम मत आहे. इंजिन देणारा बुडाला की मात्र पंचाईत, लोटसच्या एलिस गाडीत रोव्हरचंच इंजिन होतं, ती रोव्हर 2005 मध्ये बंद पडली पण लोटसने एलिससाठी टोयोटाचं इंजिन आधीच घ्यायला सुरुवात केली होती म्हणून निभावलं.