१३ वर्षांच्या मुलाला बंदुकीचा गेम खेळू द्यावा का? वयाच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा १३ वर्षांचा आहे, वर्गातली सगळी मुलं एक बंदुकीचा गेम खेळतात, स्टोअरमध्ये त्याखाली १६+ दिसतं आणि घरातली मोठी माणसं म्हणतात की असले खेळ दिले की पोरगा हातचा जातो. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हेच वाक्य मी भरल्या घरात ऐकून घेतलंय.

२०२३ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचं मूळ घर आहे, चवथीला सगळे तिथे जमतो. आत गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झालेली, आरतीला वाजवायची घुमटं बाहेर काढून ठेवलेली, मी जावेबरोबर नेवऱ्या (करंज्या) तळत होते. माझा मुलगा आणि त्याची तीन चुलत भावंडं बाहेर सोप्यावर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा बंदुकीचा गेम खेळत बसली होती. पबजीवर २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आली, त्याच्या जागी २०२१ मध्ये हा आला, मध्ये दहा महिने गायब होता आणि त्याच २०२३ च्या मे महिन्यात परतला होता. मी विचार करूनच तो दिला होता. अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांच्या वर तो खेळू देत नाही, आणि आमच्या घरात तर एकच तास होता.

त्या खेळात आपला गडी गोळी लागून पडला तरी लगेच मरत नाही, रांगत राहतो. दुसऱ्याने त्याच्याजवळ जाऊन त्याला उठवायचं, आणि तोवर उठवणाऱ्यालाही गोळ्या लागू शकतात. माझा मुलगा धाकट्या चुलत बहिणीला सांगत होता, “तू हलू नकोस, भिंतीमागे रहा, मी येतो.” ते मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं आणि मला बरं वाटत होतं. शाळेत कुणाशी दोन शब्द न बोलणारा मुलगा तिथे तिघांना सांभाळत होता.

तेवढ्यात माझे मोठे भाऊजी आले. त्यांनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “घरात गणपती बसलाय आणि पोरं माणसं मारतायत. आई दिवसभर नोकरीवर, मग असंच होणार.” माझा नवरा गप्प बसला. सासूबाई गप्प बसल्या. मीही काही बोलले नाही, कढईतल्या नेवऱ्या उलटत राहिले. मग भाऊजींनी मुलाला स्वतःच्या फोनवर एक फुटबॉलचा गेम दाखवला. “हा बघ, खेळाचा गेम. खाली काय लिहिलंय? ३+. असलं खेळावं.” घरी परतल्यावर मी बंदुकीचा गेम काढून टाकला आणि फुटबॉलचा घालून दिला. गोव्यात फुटबॉलला कोण नाही म्हणणार?

मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासते. जानेवारीत स्वतःचं बँकेचं पासबुक भरून आणलं, तर पान उलटलं तरी एकच आकडा संपेना. ४४९, ४४९, ४४९. अडीच महिन्यांत २६ नोंदी, ११,६७४ रुपये. यूपीआयचा पिन त्याला मीच सांगितला होता, दुकानातून सामान आणायला. बँकेचे मेसेज तो पुसून टाकत होता.

रागावण्याआधी मी त्याला म्हटलं, काय विकत घेतलंस ते मला दाखव. त्याने दाखवलं. खेळाडूंच्या पत्त्यांचं बंद पाकीट असतं, आत कोण आहे ते पैसे भरल्याशिवाय कळत नाही. पाकीट उघडताना पडदा काळा होतो. आधी एका देशाचा झेंडा दिसतो, मग तो खेळाडू कुठल्या जागी खेळतो ते, मग क्लबचं चिन्ह, सगळ्यात शेवटी चेहरा. झेंडा दिसला तेव्हा माझ्या मुलाने श्वास रोखून धरला होता. चेहरा आला तो त्याच्याकडे आधीच असलेल्या खेळाडूचा. तो म्हणाला, “आई, पुढच्यात येतो. नक्की येतो.”

हे वाक्यही मी आधी ऐकलेलं होतं, जत्रेत. देवळामागे कंदिलाच्या उजेडात गडगडा हा जुगार चालायचा, लोक पैसे लावायचे आणि हरलेला प्रत्येक माणूस असंच काहीतरी पुटपुटत पुन्हा खिशात हात घालायचा. माझे वडील मला त्या बाजूने जाऊसुद्धा देत नसत. मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, तिथे २१ वर्षांखालच्या मुलाला आत घेत नाहीत. आणि ३+ लिहिलेल्या खेळात तेच माझ्या १३ वर्षांच्या मुलाला मिळालं, घरात, गणपतीसमोर शाबासकी देऊन. बेल्जियमने २०१८ मध्येच असल्या विकतच्या बंद पाकिटांना जुगार ठरवलं.

आता तुमचा आकडा. प्ले स्टोअरवर आपल्याकडे ३, ७, १२, १६, १८ असे आकडे दिसतात. गेम बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते, त्यातून ते ठरतात. ही पद्धत मुळात उभी राहिली ती रक्त, मारामारी, शिव्या आणि नग्नता यांच्या भीतीतून. अमेरिकेत १९९३ मध्ये मॉर्टल काँबॅट या मारामारीच्या गेमवरून त्यांच्या संसदेत सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये ईएसआरबी ही रेटिंग देणारी संस्था आली. युरोपची पेगी ही तशीच रेटिंगची पद्धत २००३ ची. पडद्यावर काय दिसतं एवढं हा आकडा बऱ्यापैकी सांगतो. पैसे कसे काढले जातात आणि पलीकडे कोण बोलतंय, ते आकड्याजवळ बारीक अक्षरात असतं, ‘इन-ॲप परचेसेस’ आणि ‘युजर्स इंटरॅक्ट’. तुम्ही आधी तेच वाचा. मी तेव्हा वाचलं नव्हतं.

मारामारी पाहून मुलं बिघडतात हे मला मान्य नाही, आणि भाऊजींच्या तोंडी तर ते अजिबात शोभत नाही. ते स्वतः गावच्या काल्यात, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकात, वर्षानुवर्षं राक्षस होतात. रात्रभर तलवारी चालतात, संकासुराचा वध होतो आणि गावची सगळी पोरं गोधड्या घेऊन पुढच्या रांगेत बसलेली असतात. त्यातलं कुणी सकाळी उठून तलवार चालवायला लागलेलं मी पाहिलं नाही. मुलांना सोंग कळतं. शेजारी आपलं माणूस बसलेलं असलं की आणखी नीट कळतं.

भाऊजी मला व्हॉट्सॲपवर पाठवायचे की डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) गेमला आजार म्हटलंय. म्हटलंय, २०२२ पासून लागू असलेल्या आयसीडी-११ या त्यांच्या आजारांच्या यादीत. पण खेळणाऱ्या प्रत्येकाला नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होतंय हे दिसूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं, अशा खुणा आहेत. बंदूक की चेंडू, असा प्रश्न त्यात कुठेच नाही. माझ्या मुलाचा ताबा चेंडूवाल्या खेळात सुटला होता. शिवाय तो गेम तो खोलीत एकटाच खेळायचा. बंदुकीचा गेम गेला तसा त्या गेमवर दुबईतल्या मामेभावाशी होणारा रोजचा संवादही गेला, आणि मला तो तुटल्याचं वाईट पैशांपेक्षा जास्त वाटलं.

याचा अर्थ काहीही द्या असा नाही. १८ लिहिलेला गेम मी आजही देत नाही. जीटीए ५ मध्ये एका ठिकाणी माणसाचा छळ खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने करायला लावलाय. ते काल्यातल्या वधासारखं नाही, आणि १३ व्या वर्षी त्याची गरज नाही. अनोळखी लोकांशी माइकवर बोलणंही नको. आमच्याकडे माइक फक्त ओळखीच्या टोळीपुरता चालू असतो आणि फोन बाहेरच्या खोलीत. आणि मुलाची झोप, चिडचिड, शाळा आधीच बिघडलेली असेल तर गेमचं नंतर बघा, आधी डॉक्टरांना भेटा.

तुमच्या जागी मी असते तर १६+ बघून घाबरले नसते. मुलाला म्हटलं असतं, एक डाव माझ्या शेजारी बसून खेळ आणि काय चाललंय ते मला सांगत जा. तास दोन तासांत तुम्हाला आकड्यापेक्षा जास्त कळेल. पिन मात्र आजच बदला.

माझ्या मुलाला मी तो गेम परत दिला. पैशांसाठी त्याने दोन वर्षांची चवथीची ओवाळणी माझ्या हातात आणून ठेवली, मी ती घेतली. गेल्या चवथीला चौघं पुन्हा सोप्यावर बसली होती. भाऊजी बाजूने गेले, थांबले, काही बोलले नाहीत. या वेळी मी बोलले. सगळ्यांसमोरच म्हटलं, “भाऊजी, तो फुटबॉलचा गेम तुमच्या नातवाच्या फोनवर आहे ना? या आठवड्यात पासबुक भरून घ्या.”