कपाटात साठलेलं कापड, रविवारचा कुर्ता आणि इतर प्रश्न

प्रश्न : ताई, मी चिपळूणला राहते, वय ५४. मुलं नोकरीसाठी बाहेर पडली तसं शिवण पुन्हा हातात घेतलं. फार बरं वाटतं. अडचण कापडाची आहे. कपाटाचे दोन कप्पे, पलंगाखालची ट्रंक आणि दिवाणाची पेटी भरून गेली आहे. हळदीकुंकवाचे ब्लाऊजपीस, सेलमध्ये घेतलेलं सुती कापड, आईच्या वेळचे दोन खण असं सगळं एकत्र आहे. शिवायला बसावं तर हवं ते सापडत नाही. सापडलं तर चांगल्या कापडाला कात्री लावायला हात धजत नाही. यजमान म्हणतात, आधी आहे ते संपव. पावसाळ्यात कापडांना वासही येतो. कुठून सुरुवात करू?

उत्तर : आधी यजमानांच्या म्हणण्याबद्दल. शिवणाऱ्या घरात कापड पूर्ण संपत नसतं आणि संपायची गरजही नाही. घरात चार तुकडे असले की मनात आलेलं त्याच दुपारी बेतता येतं, हौसेच्या शिवणाचं सुख त्यातच आहे. पण काय आहे ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. तुमच्याकडे कापड जास्त झालंय असं मला वाटत नाही. ते दिसत नाही, हे खरं दुखणं आहे.

एक कोरडा दिवस धरा आणि सगळं एकाच वेळी बाहेर काढा. एकेक कप्पा आवरत बसू नका, कारण मग इकडचं तिकडे होतं, बाकी काही नाही. सतरंजीवर ढीग घाला आणि एक टेप, एक पेन व जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे घेऊन बसा. प्रत्येक कापडाची लांबी आणि पन्हा, म्हणजे इंचांतली रुंदी, मोजा. दुकानदार सांगतो तो पन्हा आणि हातात येतो तो पन्हा यांत इंच-दीड इंचाचा फरक पडतो, म्हणून पन्हाही मोजायचाच. चिठ्ठीवर एवढंच लिहा : लांबी, पन्हा, धुतलंय की नाही आणि यातून काय होईल. शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. ‘निळं फुलांचं, दोन मीटर’ असं लिहिलेलं कापड वर्षानुवर्षं पडून राहतं. ‘निळं फुलांचं, दोन मीटर, ३६ पन्हा, स्वातीच्या मुलीचा फ्रॉक आणि उरलं तर टोपी’ असं लिहिलं की ते मशीनपर्यंत पोचतं. चिठ्ठी टाचणीनं लावू नका. कोकणच्या हवेत टाचणी गंजते आणि तिचा डाग निघत नाही. कोपऱ्यातून सुईनं दोरा ओवून बांधा.

अंदाजासाठी काही मापं देते. चार वर्षांच्या मुलीच्या साध्या फ्रॉकला ३६ पन्ह्याचं एक ते सव्वा मीटर लागतं. १६ बाय २४ इंचांच्या उशीचे दोन अभ्रे ३६ पन्ह्याच्या दीड मीटरमध्ये बसतात. मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या कुर्त्याला ४४ पन्ह्याचं अडीच ते तीन मीटर धरा. अर्ध्या मीटरखालचे तुकडे वेगळे काढा, त्यांच्याविषयी शेवटच्या पत्रात आहेच.

आता धुण्याचं. सुती कापड आटतं, आणि ते शिवल्यावर आटण्यापेक्षा आधी आटलेलं बरं. कोरं सुती कापड साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच घडी घाला. दुसरा फायदा तुमच्याकडच्या हवेसाठी मोठा आहे : कोऱ्या कापडातली खळ निघून जाते. कसर लागते ती बहुतेक वेळा या खळीच्या मोहानं. रंग जातो का, हे बघायला ओल्या पांढऱ्या फडक्यानं एक कोपरा घासून पाहा. धुतलेल्या कापडाचा एक कोपरा मी किंचित तिरका छाटते. चिठ्ठी सुटून पडली तरी कोपऱ्यावरून कळतं.

रचताना थर लावू नका. थरांत खालचं कापड मेल्यागत पडून राहतं, आणि ते ओढलं की वरचं सगळं विस्कटतं. पुठ्ठ्याची एकाच मापाची पट्टी कापा, तिच्याभोवती कापड गुंडाळा आणि पुस्तकांसारखं उभं लावा. रंगांप्रमाणे लावलेलं कपाट दिसायला छान दिसतं, पण मी जातीप्रमाणे लावते : केंब्रिक-पॉपलिन एकीकडे, मलमल-रुबिया एकीकडे, अस्तराची कापडं एकीकडे, जाड ड्रिल आणि पडद्याची कापडं खाली. कारण बेतताना पहिला प्रश्न पोताचा असतो. अस्तर शोधताना तुम्ही अस्तराच्याच कप्प्यात हात घालणार.

ओटीतल्या ब्लाऊजपीसांची एक वेगळी पेटी करा. ते बहुतेक ७५-८० सेंटिमीटरचे असतात, काही त्याहून तोकडे, आणि कशाचे आहेत हे हाताला कळेलच असं नाही. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, काडी लावा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. सुती पीस ब्लाऊजला, झबल्यांना, अस्तराला ठेवा. पॉलिएस्टरचे पीस अंगाला चिकटतात, पण पिशव्यांच्या आतल्या बाजूला, छत्रीच्या खोळीला, मशीनच्या झाकणाला उत्तम. जे तुम्ही कधीच वापरणार नाही ते पुढच्या ओटीत फिरवण्यापेक्षा जवळपासच्या शिवणवर्गाला द्या. शिकणाऱ्या मुलींना सरावाला कापड कायम कमी पडतं.

वासाचं कारण कोंडलेला दमटपणा. प्लास्टिकच्या पिशव्या आधी काढून टाका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. कापडं जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळा. डांबरगोळ्या घालणार असाल तर मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, कापडाला आणि विशेषतः जरीला टेकू देऊ नका. कडुनिंबाची पानं घातलीत तर ती कडकडीत वाळलेली हवीत, ओलसर पानांचा डाग पडतो. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या उन्हात सुती कापडं उलटी करून दाखवा. रेशीम मात्र सावलीतच.

आणि आईचे खण. ते तसेच ठेवलेत तर घडीवर विरतील. रेशमाच्या आणि जरीच्या कापडाची घडी वर्षानुवर्षं एकाच रेषेवर राहिली की ते तिथेच फाटतं. म्हणून आज निदान घडी बदला. आणि मग शिवा. भीती वाटते ती मापाची, तेव्हा आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, ब्लाऊज बेता, कच्चे टाके घालून अंगावर चढवा, काखेत आणि पाठीत जे कमी-जास्त असेल ते त्याच्यावर दुरुस्त करा. तो उसवून त्याचेच तुकडे खणावर ठेवून बेता. खणाचे धागे कडेनं भराभर सुटतात, तेव्हा कापल्याबरोबर कडा बंद करा, आत सुती अस्तर लावा आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे आतलं जादा कापड, सोडा. तुमच्यानंतर सुनेनं किंवा लेकीनं तो घालायचा म्हटलं तर ती मायाच उपयोगी पडेल. दोन्ही बाजूंचे काठ बाह्यांना येतील असं बेता. आईनं हे कापड कुणाच्या तरी अंगावर दिसावं म्हणूनच जपलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : नमस्कार. मी २८ वर्षांचा आहे, नाशिकला नोकरी करतो. स्वतःचे कुर्ते स्वतः शिवायची फार इच्छा आहे. घरी बोललो तर आई हसली, मित्रही चिडवतात. सुट्टीचा रविवार तेवढा मिळतो, जागा एका खोलीची. मशीन कोणतं घ्यावं आणि कुर्त्यापर्यंत पोचायला काय करावं?

उत्तर : चिडवणाऱ्यांना सांगा की आपल्याकडे गावोगावी कपडे शिवणारे हात पिढ्यान् पिढ्या शिंपीदादांचे होते. संत नामदेव त्याच घरातले. त्यांच्या अभंगात कापड मोजायचा गज आणि कात्री आहे. आई एकदा हसल्या असतील, पहिला कुर्ता त्यांना दाखवा.

मशीन साधं घ्या. तुम्हाला सरळ टीप हवी आहे, शंभर नक्ष्या नकोत. एका खोलीत पायमशीन अडचण करतं, म्हणून टेबलावर ठेवायचं मोटरचं मशीन सोयीचं. जुनं काळं लोखंडी मशीन चांगल्या अवस्थेत मिळालं तर ते जाड कापडालाही दबत नाही, त्याला मोटर लावून घेता येते. जुनं घेताना विकणाऱ्याच्या घरी सुती कापडाचा दुपदरी तुकडा घेऊन जा आणि स्वतः टीप मारून बघा. वरची आणि खालची टीप सारखी दिसली पाहिजे. मग दोरा काढून चाक हातानं फिरवा, कुठे अडकतंय का ते बोटांना कळतं. खाली जाड रबरी चटई घाला, शेजाऱ्यांना आवाज जाणार नाही.

कुर्त्यापर्यंतची वाट सांगते. पहिल्यांदा रेघा मारलेल्या वहीच्या कागदावर, दोरा न ओवता, रेघेवरून सुई चालवा. कोपऱ्यावर सुई आत ठेवून, मशीनचा कापड दाबणारा पाय उचलून कागद वळवायचा. हात बसला की उशीचे अभ्रे शिवा. त्यात सरळ शिवण, दुमड आणि कोपरा, तिन्ही येतं. मग नेफ्याचा सैल लेंगा. त्यानंतरच कुर्ता.

कुर्ता साध्या देशी पद्धतीचा शिवा. तो जवळजवळ सगळा सरळ तुकड्यांचा असतो : पुढचा-मागचा भाग, बाह्या, बाजूच्या कळ्या आणि काखेतला छोटा चौकोनी तुकडा. त्या चौकोनामुळे हात वर केला तरी कुर्ता ओढला जात नाही. सरळ तुकड्यांमुळे कापड वाया जात नाही आणि शिकणाऱ्याला वळणांची धास्तीही राहत नाही. अवघड आहे ती गळ्याची पट्टी. तीच तेवढी मांजरपाटावर तीन-चार वेळा करून बघा, कितीही वेळ लागू दे. तुमचा आवडता बसणारा कुर्ता खाकी कागदावर सपाट पसरून त्याचं माप उतरवा, सगळीकडे अर्धा इंच माया आणि खाली दीड इंच दुमड धरा. कापड इचलकरंजीकडचं साधं पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या. ते सुईखाली घसरत नाही. लिनन आणि मलमल नंतर.

सामान एका पत्र्याच्या डब्यात मावतं : कापडाची कात्री, टेप, खडू, टाचण्या, हातसुया, बॉबिना, १४ नंबरच्या मशीनच्या सुया. कापडाच्या कात्रीनं कागद कापू देऊ नका, घरात कुणालाही. धार जाते.

प्रश्न : आजीचं मशीन बाहेर काढलं. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिनची पेटी तीनदा बदलून झाली, फरक नाही. (सांगली)

उत्तर : जाळं खाली दिसतं, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलून मग दोरा ओवा. पाय खाली असला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, वरून निसटतो. एवढ्यानं दहातली बरीच मशिनं सुधारतात. नाही सुधारलं तर सुई नवी घाला, दात्यांवरची पत्री खोलून खालचा पिंजलेला कापूस ब्रशनं काढा. तेल शिलाई मशीनचंच घाला. घरोघरी खोबरेल घालतात, ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं, मग चाक जड जातं. आजीच्या मशीनमध्ये तसं झालं असेल तर मेकॅनिककडून एकदा धुऊन घ्या.

प्रश्न : बेतून उरलेल्या चिंध्या टाकवत नाहीत. तीन पोती झाली आहेत. (बार्शी)

उत्तर : निम्म्या निर्धास्त टाका. तळव्यापेक्षा लहान, सुटलेल्या धाग्यांच्या आणि पॉलिएस्टरच्या चिंध्या ठेवून काही साधत नाही. फार तर स्वच्छ आहेत त्या पिनकुशनमध्ये आणि लहान मुलांच्या कापडी चेंडूत भरा. सुती तुकडे मात्र कामाचे. पुठ्ठ्याचा पाच इंची चौकोन कापून ठेवा आणि बेतणं झाल्याबरोबर, कात्री हातात असतानाच, उरलेल्या तुकड्यांचे चौकोन पाडा. नंतर करू म्हटलं की पोतं भरतं. लांबट तुकडे असतील तर उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्या काढा, दीड इंची. गळ्याला, पिशवीच्या तोंडाला, गोधडीच्या कडेला त्या नेहमी लागतात. पट्ट्या पुठ्ठ्यावर गुंडाळल्या की गुंता होत नाही.

चौकोन पुरेसे झाले की गोधडी घाला. बाळाच्या मापाची, तीन फूट बाय चार फूट, एवढीच. आत जुन्या सुती साडीचे दोन-तीन पदर, खाली एक अखंड पदर. सगळे पदर आधी धुतलेले हवेत, नाहीतर पहिल्या धुण्यात एखादा आटतो आणि गोधडी पिळवटते. मध्यापासून कडांकडे मोठे कच्चे टाके घालून पदर धरून ठेवा आणि मग हातानं धावदोरा घाला, दोन ओळींमध्ये बोटभर अंतर. दोरा सुतीच घ्या, पण जुनी रिळं वापरण्याआधी वीतभर दोरा हातात ताणून बघा. सहज तुटला तर तो गोधडीला नको, कच्च्या टाक्यांना ठेवा.