पाण्याखाली गेलेल्या भाताला लगेच युरिया नको

गेल्या आठवड्यातल्या पावसानंतर तीन प्रश्न आले आहेत. पेडण्याचे एक शेतकरी भाऊ विचारतात, "सरद (पावसाळी) भात सहा दिवस पाण्याखाली होतं. आता पाणी ओसरलंय. रोपं जिवंत आहेत, पण पिवळी पडून लोळलीत. आज युरिया टाकू का?" सत्तरीतल्या ताईंचा पहिला तरवा (लावणीसाठी वाढवलेली रोपं) वाहून गेला, म्हणून त्यांनी पुन्हा बियाणं मोड आणायला ठेवलं. "रास इतकी तापली की हात ठेववेना, आणि वास दारूसारखा. असं का झालं?" डिचोलीहून तिसरा प्रश्न आहे, की कीड नसतानाही घरचं बियाणं दुसऱ्या वर्षी नीट उगवत नाही.

भाऊ, आज युरिया टाकू नका. कारण समजून घेतलंत तर पुढच्या पुरातही उपयोगी पडेल.

पान उन्हात साखर तयार करतं. त्यातली उरलेली साखर पिष्ट होऊन खोडात आणि पानाच्या आवरणात साठते. ही रोपाची कोठी. पण कोठीतलं पिष्ट पेशीला थेट वापरता येत नाही. आधी त्याची साखर होते, मग ती साखर टप्प्याटप्प्याने मोडून तिच्यातली ऊर्जा एटीपी नावाच्या इवल्या रेणूत भरली जाते. एटीपी म्हणजे कोठीतून शेतात भात नेणारी टोपली. भरून जाते, रिकामी होऊन परत येते, पुन्हा भरते. मुळाने अन्न ओढायचं असो की नवं पान काढायचं, प्रत्येक कामाला भरलेली टोपली लागते. टोपल्या भरून साठवून ठेवता येत नाहीत, त्या सतत भराव्या लागतात.

हवा असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे अशा सुमारे 30 टोपल्या भरतात. हे काम पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात होतं आणि त्याला प्राणवायू लागतो. प्राणवायू नसेल तर त्याच ग्लुकोजमागे फक्त 2. पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटीने हळू पसरतो. भाताला खोडातल्या पोकळ नळ्यांतून मुळापर्यंत हवा नेता येते, म्हणून ते चिखलात सुखाने वाढतं. पण शेंडाच बुडाला की ती वाटही बंद. वर गढूळ पाणी, म्हणजे ऊनही नाही. रोप आपली कामं कमी करतं, तरी कोठी आटत जाते. त्यातच बहुतेक वाणं हवेसाठी धडपडून उंच वाढतात आणि उरलंसुरलं त्यात घालवतात. तुमची रोपं लोळली ती यामुळेच.

आता युरिया दिला तर तो ओढून त्याचं प्रथिन करायला पुन्हा साखर आणि एटीपीच लागणार. ते रोपाकडे नाही. काही खत वाहून जाईल, आणि जे शिरेल ते रोपाला आणखी रिकामं करेल.

आधी पानांवर बसलेला गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, म्हणजे पानं पुन्हा साखर करू लागतील. जादा पाणी काढा, पण शेत भेगाळू देऊ नका. साधारण आठवडाभर थांबा. मधलं नवं पान हिरवं आलेलं दिसलं की नत्राचा थोडाच हप्ता द्या, सोबत पालाश (पोटॅश). मेलेल्या जागी नवा तरवा शोधत फिरण्यापेक्षा जगलेल्या जोमदार चुडांचे फुटवे फोडून नांगे भरा. पूर येण्याआधीही नत्राचा मारा टाळा. लुसलुशीत रोपाची कोठी रिकामी असते.

नदीकाठच्या गोड्या पाण्याच्या शेतात दरवर्षी हे होत असेल तर स्वर्णा-सब 1 चा विचार करा. ओडिशाच्या एफआर 13 ए या वाणातला गुण त्यात आणला आहे. ते पाण्याखाली उंच वाढत नाही, साठा जपून गप्प राहतं आणि दोन आठवड्यांच्या आसपास तग धरतं. मात्र ते उशिरा तयार होतं. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, ते चालणार नाही, तिथे खारेपणा हाच खरा शत्रू. तिथे आपलं कोरगुट, नाहीतर जुन्या गोव्याच्या संशोधन केंद्राची गोवा धान वाणं.

जाता जाता स्फुरदाचंही (फॉस्फरस) सांगतो. एटीपीतला एक भाग स्फुरदच असतो. आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. फुटवे कमी आणि पानं काळपट हिरवी दिसली तर माती तपासून घ्या. अशा जमिनीला रॉक फॉस्फेट मानवतं.

ताई, तुमची रास तापली ती बियाण्याच्या श्वासाने. साखर मोडताना सगळी ऊर्जा टोपलीत मावत नाही, बरीचशी उष्णता होऊन बाहेर पडते. एका दाण्याची ती जाणवत नाही, पण घट्ट झाकलेल्या राशीत तिला वाट मिळत नाही. पोटातल्या दाण्यांना हवाही मिळेना, तेव्हा त्यांनी बोंडूचा रस भांड्यात करतो तेच केलं: साखरेचं मद्य. रसात ते काम यीस्ट करतं, इथे दाण्याच्या पेशींनीच केलं. बरीच ऊर्जा त्या मद्यातच अडकून राहते, म्हणून तर फेणी पेट घेते. दाण्याच्या दृष्टीने ती वायाच गेली. यापुढे बियाणं दिवसभर भिजवून निथळा, रास वीतभराहून उंच करू नका, ओल्या गोणपाटाने सैल झाका आणि दिवसातून दोन-तीनदा खालीवर करून पाणी शिंपडा. राशीच्या पोटात हात घाला. सोसवेना तर लगेच पसरा. या वेळच्या बियाण्यातले आंबट वासाचे, मऊ पडलेले दाणे टाका आणि बाकीचे पेरा.

डिचोलीच्या भाऊंचं बियाणं पावसाळ्यातली दमट हवा पिऊन वर्षभर श्वास घेत राहिलं आणि आपला साठा खाऊन बसलं. ओल 12 ते 13 टक्क्यांवर आणून, म्हणजे दाणा दाताखाली कटकन तुटेल इतका वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर हवाबंद पिंपात ठेवा. गोणीत नको. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, 80 पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं तरव्याला घेऊ नका.